घामातले मीठ आणि रक्तदाबाचे मूळ



आम्ही काही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गेटसभेत. तरीही रक्तदाबावर बोलावयास उभे राहिलो, याला कारण आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनमध्ये ओतशाळेतला एक कामगार होता. वय चाळिशीच्या आतले, रक्तदाब चढलेला, आणि मधूनच पाय असे लुळे पडत की भट्टीपासून त्याला धरून आणावे लागे. मुकादम त्याला कामचुकार म्हणे. आम्ही त्याची बाजू मांडली. पण खरे सांगायचे तर मनातून आम्हांलाही तसेच वाटे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या निकामी झाल्या की माणूस खंगत जातो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८५५ साली दाखविले. १८९४ साली ऑलिव्हर आणि शेफर यांना आढळले की, त्यांचा अर्क प्राण्याला टोचताच रक्तदाब झपाट्याने चढतो. हा गुण ग्रंथीच्या गाभ्यातील ॲड्रेनलिनचा. बाहेरच्या कवचाचे काम मात्र पुष्कळ काळ अंधारातच राहिले.

त्यावर उजेड पडला तो घामातून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक दमट उष्ण प्रदेशांत लढत होते. त्यांच्यासाठी मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन हे माणूस उकाड्याला कसा सरावतो, याचा अभ्यास करीत होते. नवख्याच्या घामातून मीठ भरपूर जाते. सरावलेल्याच्या घामातून थोडेच. भट्टीपुढे राबणाऱ्याला हा अनुभव नवा नाही! शरीरात मीठ राखणारे काही द्रव्य या कवचातून येत असावे, असे कॉन यांना वाटले. १९५३ साली सिल्व्हिया सिम्प्सन, जेम्स टेट आणि स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन यांच्या मंडळींनी ते द्रव्य शुद्ध करून हाती दिले. तेच अल्डोस्टेरोन.

१९५४ साली कॉन यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षे तिचे स्नायू मधूनमधून लुळे पडत, पेटके येत. रक्तदाब चढलेला, रक्तात पोटॅशियम अगदी कमी. अल्डोस्टेरोन मीठ राखते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. तेव्हा ते बेसुमार होत असले पाहिजे, असे कॉन यांनी ताडले. त्या डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. उजव्या ग्रंथीत गाठ सापडली. ती काढल्यावर रक्तदाब उतरला, स्नायूंत बळ आले. न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोलंडचे लिटिन्स्की यांनी १९५३ सालीच असे रोगी वर्णिले होते. पण लेख पोलिश भाषेत, म्हणून जगाने तो वाचलाच नाही.

पुढे कॉन म्हणू लागले की, ‘कारण अज्ञात’ असा शिक्का बसलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांत पुष्कळांचे मूळ हेच असेल. ते फारसे कोणाला पटले नाही. शंभरात एकही नाही, असे मत रूढ झाले. कारण पोटॅशियम घटले तरच संशय घेतला जाई. आणि निम्म्याहून अधिक रोग्यांत ते घटतच नाही! मूत्रपिंडातून निघणारे रेनिन हे अल्डोस्टेरोनला हुकूम देणारे. या रोगात हुकमावाचूनच अल्डोस्टेरोन वाहते आणि रेनिन दबते. दोहोंचे गुणोत्तर पाहण्याची चाचणी १९८१ साली जपानी संशोधकांनी पुढे आणली, आणि लपलेले रोगी दिसू लागले. आज हे प्रमाण रक्तदाबाच्या शंभर रोग्यांत साधारण पाच ते दहा, आणि तीन औषधांनाही न जुमानणाऱ्यांत वीसच्या आसपास मानतात. एकाच बाजूस दोष असेल तर शस्त्रक्रिया. दोन्ही बाजूंस असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारख्या जुन्या गोळ्या. २०२५ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने रक्तदाबाच्या प्रत्येक रोग्याची ही तपासणी सुचविली आहे.

आमच्या त्या सोबत्याला हाच रोग होता काय? ते आता कळणे नाही. त्याचे पोटॅशियमदेखील कोणी तपासले नव्हते, आणि तपासा असे आम्हीही म्हटले नाही. त्या दिवसापासून आम्ही वैद्यकीय तपासणीच्या मागणीत रक्ताची तपासणी आवर्जून लिहितो. आपल्या घरी कोणाचा रक्तदाब तरुणपणीच चढला असेल, किंवा औषधांनी उतरत नसेल, तर डॉक्टरांना नम्रपणे एवढेच विचारा : या ग्रंथींकडे एकदा पाहिले आहे काय?