बोटे मोडल्याने संधिवात होतो का?

वर्गात कोणी कडाकडा बोटे मोडू लागला, की आपण त्याला दटावतो : "बोटे मोडू नकोस, म्हातारपणी संधिवात होईल!" याला पुरावा काय, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दृष्ट काढताना आजी कानशिलावर बोटे मोडते, तेव्हा तिच्या सांध्यांची काळजी आपल्याला वाटत नाही, ही गंमतच! वास्तविक येथे प्रश्न दोन आहेत. आवाज कशाचा येतो? आणि त्याने अपाय होतो का?

बोटे 'मोडताना' खरे तर काहीच मोडत नाही. सांध्यातील हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. त्यांच्याभोवतीच्या बंद पिशवीत वंगणासारखा संधिद्रव असतो आणि त्यात काही वायू विरघळलेले असतात. १९४७ साली लंडनमध्ये रोस्टन आणि हेन्स यांनी बोट वाढत्या जोराने ओढत त्याची क्ष-किरण चित्रे घेतली. हाडांमधील अंतर आधी थोडे थोडे वाढत गेले. मग कट्‌कन आवाज झाला आणि अंतर एकदम वाढले. तोच सांधा पुन्हा वाजायला सुमारे २० मिनिटे जावी लागली.

१९७१ साली लीड्‌सच्या अन्सवर्थ, डाउसन आणि राइट यांनी याचा उलगडा मांडला. हाडे दूर होताच आतला दाब घटतो आणि सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसा द्रवात बुडबुडा तयार होतो. तो फुटण्याचा हा आवाज, असे त्यांचे म्हणणे होते. पण २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात कॉचक यांच्या गटाने एम.आर.आय. यंत्रात बोटे ओढून पाहिली, तेव्हा आवाजानंतरही पोकळी तशीच दिसली! मग आवाज बुडबुडा तयार होण्याचा म्हणायचा का? मात्र हे यंत्र सेकंदाला जेमतेम तीन चित्रे टिपत होते आणि बुडबुड्याचे आकसणे त्याहून फार जलद असते. बुडबुडा अर्धवट आकसला तरी असा आवाज येऊ शकतो आणि उरलेला भाग मागे राहतो, असे २०१८ साली चंद्रन सुजा आणि बराकत यांनी गणिताने दाखवले. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. १९७५ साली अमेरिकेत २८ वृद्धांची तपासणी झाली. या सवयीचा आणि सांधे झिजण्याचा संबंध आढळला नाही. १९९० साली पंचेचाळिशीपुढील ३०० जणांच्या पाहणीत बोटे मोडणाऱ्यांमध्ये संधिवात अधिक नव्हता. पण हाताला सूज आणि पकड कमजोर असण्याचे प्रमाण अधिक होते. ही सवय कारण की केवळ सोबतीण, हे अशा एका पाहणीवरून ठरत नाही. २०११ साली २१५ जणांच्या हातांची क्ष-किरण चित्रे तपासली गेली. सांध्यांची झीज बोटे मोडणाऱ्यांत १८.१ टक्के, तर न मोडणाऱ्यांत २१.५ टक्के लोकांत आढळली. हा फरक नगण्य ठरला.

सर्वांत चिकाटीचा प्रयोग कॅलिफोर्नियातील डॉ. डोनाल्ड अंगर यांचा. आई, मावश्या आणि पुढे सासूबाई यांनीही संधिवाताची भीती घातली होती. त्यांनी ५० वर्षे दिवसातून किमान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, म्हणजे निदान ३६,५०० वेळा! उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : संधिवात दोन्ही हातांना नाही. २००९ साली त्यांना गमतीदार संशोधनाचे 'इग नोबेल' पारितोषिक मिळाले. तुलनेसाठी दुसरा हात राखणे उत्तम. पण माणूस एकच, आणि कोणता हात मोडला हे परीक्षकालाच ठाऊक. या उणिवा विद्यार्थ्यांनाच शोधायला सांगाव्यात.

मग मुलांना काय सांगावे? आवाजाने वर्गाचे लक्ष विचलित होत असेल, तर तेवढेच कारण सांगावे; ते खरे आहे आणि पुरेसेही. बोट मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजला असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे.