चालवायची गाडी, मिरवायची नाही: सिट्रोएन एसएमची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचं लोकलमध्ये नेट जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

आज इतिहास आहे, पण बोनेटखालचा. मी सध्या जर्मनीत नोकरी करतो आणि गेले काही महिने एक जुनी गाडी शोधतोय: सिट्रोएन एसएम, १९७० च्या दशकातली. जी रक्कम बाजूला टाकलीय त्यात नवी कोरी फॅमिली कार येईल. "पन्नास वर्षांचं भंगार कशाला?" हा बाबांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ग्रँड टुरिंग, म्हणजे जीटी: दोन माणसं, त्यांचं सामान, आणि एका दमात पाचशे-सातशे किलोमीटर. रेसिंग कारसारखी पाठ मोडणार नाही, पण वेग तसाच. दुसरा शब्द 'ड्रायव्हर क्वालिटी', आपण म्हणू चालवायची गाडी. जर्मनीत जुन्या गाड्यांच्या अवस्थेला १ ते ५ असे गुण देतात. १ म्हणजे नव्यापेक्षा नवी, ५ म्हणजे सांगाडा. मला हवी ३ वाली: रंगावर ओरखडे, सीटला सुरकुत्या, पण किल्ली फिरवली की निघायचं.

आता एसएम. १९६८ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएनने इटलीची मासेराती ताब्यात घेतली. दोन वर्षांनी, मार्च १९७० मध्ये, जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी आली. आकार रोबेर ओप्रों यांचा, इंजिन मासेरातीचे जुलिओ आल्फिएरी यांचं. पुढची चाकं ओढणारी, ताशी २२० किलोमीटरच्या आसपास धावणारी. काचेमागे सहा दिवे, त्यातले दोन स्टिअरिंगबरोबर वळणारे. १९७२ मध्ये अमेरिकेच्या 'मोटर ट्रेंड' मासिकाने तिला कार ऑफ द इयर केलं.

पण ती विकत घ्यायला निघालात की कळतं, की तपासायची प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या काळात कुणीतरी घेतलेला एक निर्णय आहे. आम्ही ऑफिसात जुना कोड उघडतो तेव्हा असंच होतं. विचित्र ओळ दिसते, आणि तिच्यामागे कुठला तरी जुना नियम निघतो.

पहिला निर्णय कराचा. फ्रान्समध्ये मोठ्या इंजिनावर जबर कर होता. म्हणून एवढ्या मोठ्या गाडीला इंजिन दिलं फक्त २.७ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-६. त्याच्या दोन बाजूंमधला कोन ९० अंश. हा कोन खरं तर व्ही-८ ला शोभतो, आणि मासेरातीचा हात व्ही-८ वरच बसलेला होता. मग क्रँकशाफ्टवरून एक साखळी मधल्या शाफ्टला फिरवते. त्या शाफ्टवरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या साखळ्या निघतात, आणि त्याच शाफ्टच्या पुढच्या टोकावर हायड्रॉलिक पंप, अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर. सगळा भार एका साखळीवर! ती सैल पडली आणि उडी मारली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. म्हणून एसएम बघायला गेलात की पहिला प्रश्न रंगाचा नाही. पहिला प्रश्न: साखळी आणि तिचा टेन्शनर शेवटचा कधी बघितला?

दुसरा निर्णय आणखी जुना, १९५५ च्या सिट्रोएन डीएसचा. स्प्रिंगऐवजी तेल आणि नायट्रोजन वायू. एसएममध्ये सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सगळं एकाच दाबावर चालतं. ब्रेकचं पेडल नाहीच, जमिनीवर रबरी बटण आहे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त दोन फेऱ्या. वेग वाढला की ते जड होतं आणि सोडलं की आपोआप सरळ होतं. पहिल्यांदा चालवताना मी वळणावर जरासा हात हलवला आणि गाडी एकदम आत वळली. शेजारी बसलेले मालक हसायला लागले.

याची तपासणी सोपी आहे. इंजिन चालू करा, गाडी बसलेल्या उंटासारखी उठली पाहिजे. कोपऱ्यावर हाताने दाबा, मऊ लागली पाहिजे. बैलगाडीसारखी कडक लागली तर गोळ्यांमधला वायू गेलाय. पंपाच्या बाजूने दर दोन-चार सेकंदांनी टिक-टिक येत असेल तर तेच दुखणं दाब साठवणाऱ्या गोळ्यात. हे स्वस्तात बदलता येतं. पण गंजलेला सांगाडा? तिथून मागे फिरा.

आता गोष्टीचा दुःखद भाग. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आलं. फ्रान्सच्या मोकळ्या महामार्गांवर वेगमर्यादा लागल्या, आणि ज्या रस्त्यासाठी गाडी बनवली तो रस्ताच राहिला नाही. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलसाठी बंपरचे नवे नियम आले. जिची उंचीच खाली-वर होते त्या गाडीला ते जमेनात, तिकडची विक्री थांबली. आकडेच बघा: १९७१ मध्ये ४,९८८ गाड्या बनल्या, १९७४ मध्ये २९४, १९७५ मध्ये ११५. एकूण १२,९२०, आणि खेळ खलास.

सिट्रोएन कर्जात बुडाली आणि प्यूजोच्या हाती गेली. (हीच प्यूजो पुढे नव्वदच्या दशकात प्रीमियरबरोबर कल्याणला ३०९ बनवायला आली होती.) १९७५ मध्ये सिट्रोएनने मासेरातीवरून हात झटकले आणि ती दे तोमासोकडे गेली. म्हणजे एसएमचे आई आणि बाप दोघंही एकाच वेळी निघून गेले. साध्या गॅरेजवाल्याला मासेरातीचं इंजिन कळेना, आणि इंजिनवाल्याला हायड्रॉलिक.

मग या गाड्या वाचवल्या कुणी? ज्यांनी त्या चालवल्या त्यांनी. सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटतात हे मालकांनी आणि मोजक्या मेकॅनिकांनी अनुभवातून शिकून घेतलं आणि भरीव व्हॉल्व्ह टाकले. टेन्शनर सुधारले. कंपनीने अर्धवट सोडलेलं काम इतरांनी पूर्ण केलं. आमच्या भाषेत, ओपन सोर्सवाल्यांनी.

म्हणूनच मी ३ गुणांची गाडी शोधतोय. दोन गाड्या बघितल्या. पहिली आरशासारखी चकचकीत, पण आठ वर्षं एका जागी उभी. उभ्या गाडीत रबरी सील सुकतात, वायू निघून जातो. साखळीचं विचारलं तर विकणारा म्हणाला, "सगळं ओरिजिनल आहे हो!" या गाडीत ओरिजिनल म्हणजे ते नाजूक व्हॉल्व्हसुद्धा ओरिजिनल. दुसरीचा रंग विटलेला, डॅशबोर्डला चीर, पण सोबत हाताएवढी जाड फाइल: तीस वर्षांच्या पावत्या. व्हॉल्व्ह बदलले, साखळी बदलली, दर उन्हाळ्यात गाडी फिरली.

मी दुसरी घेतोय. चकाकीसाठी जे पैसे मोजले असते ते बाजूला ठेवलेत, कारण अशा गाडीत पहिल्या वर्षी काहीतरी निघतंच. गंमत म्हणजे ज्या करापायी इंजिन छोटं झालं, तसा कर मला नाही. इथे तीस वर्षांपुढच्या, नीट जपलेल्या गाडीला नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं, आणि इंजिन कितीही मोठं असो, वर्षाला सरसकट १९१.७३ युरो.

तर बाबा, हे उत्तर. जी पन्नास वर्षं चालत राहिली ते भंगार नसतं. भंगार होतं ते उभ्या गाडीचं.

तुमच्या घरी एखादी जुनी पद्मिनी, बुलेट किंवा बजाज चेतक उभी असेल, तर या रविवारी कव्हर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. तिची गोष्ट मला व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोवर ऐकत राहा!