कमांड लाइनवरील कामाच्या प्रगतीची नोंद
उमरीसारख्या तालुक्याच्या कचेरीत कागदी फाइल कोठे अडली, हे आवक-जावक नोंदवहीवरून कळते. संगणकावरील युनिक्स प्रणालीच्या आज्ञा मात्र काम चालू असता बहुधा मौनच पाळीत. त्यास कारण होते. 1973 मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉम्प्सन यांनी ‘पाइप’ची सोय केली, तीत एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती जाई व मधल्या बडबडीने ते नासे. तथापि या मौनास थांबणे समजून अधीर मनुष्य चालते काम तोडी. अँड्र्यू वुड यांच्या ‘पीव्ही’ने (2002) पाइपच्या मधोमध बसून जाणारे बाइट मोजले आणि आकडे निराळ्या मार्गाने पडद्यावर आणले. ग्नूच्या ‘डीडी’स अशी सोय 2015 साली लाभली. एकूण आकारमान अज्ञात असल्यास ‘पीव्ही’ किती गेले एवढेच सांगते. किती उरले, ते नव्हे.