आजीच्या आजीचा दाखला

परदेशातल्या मराठी घराला "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न काही नवा नाही. आपण हसून उत्तर देतो आणि पुढे जातो. पण आज ज्या मराठी माणसांची गोष्ट सांगायची आहे, त्यांना हाच प्रश्न लग्नाची नोंद करताना विचारला गेला, आणि तोही त्यांच्याच धर्माच्या देशात. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं लावणारे हे लोक म्हणजे कोकणातले ज्यू, अर्थात बेने इस्राएल.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव त्यांचा धंदा घाण्यावर तेल काढायचा. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम एवढं त्यांनी धरून ठेवलं. बाकी भाषा, नेसणं, मंगळसूत्र, सगळं चारचौघांसारखं. गावगाड्यात त्यांना आणखी एक जात म्हणून जागा मिळाली. ती फार मानाची होती असं नाही, पण शनिवारी घाणा का बंद, याचा पुरावा गावाने कधी मागितला नाही.

पुरावा मागितला तो धर्मबंधूंनी. मुंबईत बगदादहून आलेले ज्यू व्यापारी स्थिरावले, आणि १८३६ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी सरकारकडे अर्ज केला की कबरस्तानात आमच्या आणि यांच्या मध्ये भिंत घाला. मेल्यावरसुद्धा शेजार नको! पण एकट्या बगदादी मंडळींना दोष देऊन भागणार नाही. बेने इस्राएलांमध्येही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेली संतती ती 'काळी', आणि तिच्याशी सोयरीक नाही. कोकणातल्या जातींकडून काय उचललं, याचा हिशेब करताना हेही मांडायला हवं.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं आणि मुंबई-कोकणातली कुटुंबं बोटीने, विमानाने तिकडे निघाली. कुणी छळलं म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. भारतात त्यांना ज्यू म्हणून त्रास नव्हता. धर्माची ओढ आणि नव्या देशाची हाक, एवढंच. अनेकांना बेरशेबासारख्या वाळवंटी गावात पाठवलं गेलं. तिथे राहायला जागा अपुरी, कामं हलकी, आणि रंगावरून भेदभाव. दुकानात युरोपातून आलेल्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, कारण आम्ही काळे, ही तक्रार तेव्हापासून सांगितली जाते. रेशनच्या काळात पावाचा रंग ही लहान गोष्ट नव्हती.

१९५१ मध्ये काही जण तेल अवीवला जाऊन ठाण मांडून बसले. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. पुढच्या वर्षी शंभराहून अधिक लोकांना खरंच परत पाठवण्यात आलं. गंमत अशी, की त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर पुन्हा इस्राएलला यायची परवानगी मागितली. दोन्हीकडे घर असलेल्या माणसाची ही ओढाताण तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

खरी लढाई पुढे होती. इस्राएलमध्ये ज्यूंचं लग्न रब्बींच्या हाती असतं, नोंदणी पद्धतीचं लग्न तिथे नाही. मुख्य रब्बींच्या मंडळाने १९६१ मध्ये बेने इस्राएलांशी लग्नाला मान्यता दिली, पण १९६२ मध्ये नियम निघाले: आई, आजी, आजीची आई, जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन त्या ज्यू होत्या का ते पाहा, घराण्यात कुणी धर्मशास्त्राप्रमाणे काडीमोड न घेता दुसरं लग्न केलं होतं का तेही पाहा. आता सांगा, रोह्याच्या तेल्याच्या पणजीचा कागद कुठून आणायचा? आणि पोलंडच्या माणसाला ही विचारणा नाही, फक्त बेने इस्राएलांना.

मग १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं गेलं. बायका-मुलांसकट माणसं आली. याला सत्याग्रह म्हटलं तर चूक होणार नाही. स्वातंत्र्यलढा पाहिलेली पिढी होती ती. १७ ऑगस्टला खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि संसदेने रब्बींना मार्ग काढायला सांगितलं. महिनाअखेर रब्बींनी नियम बदलले, म्हणजे त्यातलं 'बेने इस्राएल' हे नाव काढलं आणि 'ज्याच्या घराण्याविषयी शंका असेल असा कुणीही' असं घातलं. तपासणी राहिली, बोट दाखवणं गेलं. माझ्या मते हा अर्धाच विजय होता, पण जमिनीवर बसून मिळवलेला.

आज अश्दोद, लोद, रामला, दिमोना या शहरांत बेने इस्राएलांची वस्ती आहे. मुलं हिब्रूत वाढली, सैन्यात गेली, इतर देशांतून आलेल्या ज्यूंशी त्यांची लग्नं झाली. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. आणि नवस फेडायचा झाला की ही मंडळी हैफाला जातात. कोकणात एलियाहू संदेष्ट्याचं ठिकाण अलिबागजवळ खंडाळ्याला होतं. इथे कार्मेल डोंगरावर त्याची गुहा आहे. तिथे ताटात गोड पोहे, खोबरं आणि फळं मांडून मलिदा होतो.