गंगथडीची काळी : शहागड परिसरांतील जमिनीच्या वहिवाटीविषयीं कांहीं विचार

शहागड म्हटलें कीं आमच्या संशोधक-मित्रांचें लक्ष नांवांतील ‘गड’ ह्या अक्षरांकडे जातें. गोदेच्या पैलतीरीं थोडक्या अंतरावर राक्षसभुवन आहे. तेथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं थोरल्या माधवरावांनीं व राघोबादादांनीं निजामअलीच्या फौजेचा मोड केला, दिवाण विठ्ठल सुंदर पडला, आणि निजामअली स्वतः पुराच्या पाण्यापलीकडे उत्तरतीरीं असल्यामुळें वांचला, ही हकीकत वाचकांस तोंडपाठ असेल. परंतु त्या दिवशीं थडीच्या शेतांत काय उभें होतें आणि दोन्ही फौजांच्या घोड्यांनीं त्याचें काय केलें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत फारसें आलेलें दिसत नाहीं. गडाचा विचार इतरांनीं पुष्कळ करावा. आम्ही येथें गडाखालच्या काळीचा करितों.

जमिनीचा उपयोग पालटतो आणि तो पालट कोणीतरी लिहून ठेवितो, ही गोष्ट आपल्या देशांत नवी नाहीं. शहागडच्या वरच्या अंगास असलेलें पैठण ही सातवाहनांची राजधानी. त्या कुळांतील गौतमीपुत्रानें नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावरील भिक्षूंस ककडी गांवीं शेत दिलें होतें. पुढें राजवर्ष २४ मध्यें त्याच भिंतीवर दुसरा लेख कोरावा लागला : तें शेत कोणी कसत नाहीं, गांवही वसत नाहीं, सबब नगराच्या शिवेवरील राजकीय शेतांपैकीं शंभर निवर्तनें त्याऐवजीं दिलीं आहेत. दानाचे ताम्रपट व शिलालेख आपण ढिगानें वाचले. दान दिलेली जमीन पड पडली, असें दात्यानेंच कबूल केल्याचे लेख विरळा. पडीत जमिनीची महाराष्ट्रांतील जुन्यांत जुनी नोंद म्हणून आमच्या मतें ह्या लेखाची योग्यता मोठी आहे.

अमरकोशाच्या भूमिवर्गांत देशाचे नदीमातृक आणि देवमातृक असे दोन भेद सांगितले आहेत. नदीच्या पाण्यावर पिकतो तो पहिला, पावसावर पिकतो तो दुसरा. शहागड गोदेच्या कांठीं, तेव्हां तें नदीमातृक, असें कोणी सहज म्हणेल. पण तें चुकेल. ह्या भागांत गोदा उंच दरडींच्या मधून वाहते. दरडीवरील काळीस नदी दिसे, मिळत नसे. खरीप पावसावर, रब्बीची ज्वारी जमिनींत मुरलेल्या ओलीवर, आणि बागाईत काय तें विहिरीच्या मोटेवर. नदीमातृक अशी पट्टी एकच : पूर ओसरल्यावर उघडी पडणारी मळई. गाळाच्या त्या पट्टीवर गाळपेर होई आणि उन्हाळ्यांत वाळूंत टरबुजांचे व खरबुजांचे वेल पसरत. कौटिल्यानें सीताध्यक्षाच्या प्रकरणांत जेथें पाण्याचा फेंस येऊन आदळतो ती जागा वेलीच्या फळांस योग्य म्हणून सांगितली आहे. अध्यापन करितांना हें वाक्य आम्हीं अनेक वेळां शिकविलें. त्याचा खरा अर्थ आम्हांस गोदेच्या वाळवंटांत उभें राहिल्यावर कळला, हें सांगावयास संकोच वाटत नाहीं.

सतराव्या शतकांत ह्या प्रदेशाची मोजणी वारंवार झाली. मलिक अंबरानें (मृत्यु इ. स. १६२६) जमिनीची प्रत पाहून धारा बांधण्याची रीत घातली. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानें ती घडी विसकटली व गांवें ओस पडलीं. औरंगजेब १६५२ सालीं दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला, तेव्हां त्याचा दिवाण मुर्शिद कुलीखान ह्यानें पुन्हां लावणीचें काम हातीं घेतलें. जरीबेचें एक टोक तो कित्येकदां स्वतः धरी, अशी आख्यायिका आहे. त्याच्या बटाईंत पावसाच्या पिकाचा अर्धा भाग सरकारचा, विहिरीवरील पिकाचा तिसरा, आणि ऊस व फळें ह्यांचा चौथ्यापासून नवव्यापर्यंत. ह्यांतील मर्म असें कीं, ज्यानें विहीर खणली त्याच्यावरील भार सरकारनें कमी केला. मराठी दप्तरांतील इस्ताव्याचे कौलही ह्याच जातीचे. पड जमीन मोडून लावणाऱ्यास पहिल्या वर्षीं नाममात्र धारा, मग वर्षावर्षास चढत चढत अखेरीस पूर्ण आकार. बैल मरतो, बीं जातें, पाऊस दगा देतो, हें कौल लिहिणाऱ्यास ठाऊक होतें.

निजामशाही अमदानींतील पाहणीनें बिघे व चावर जाऊन एकर व गुंठे आले, एवढेंच येथें सांगणें पुरे. हैदराबाद संस्थान १९४८ त विलीन झाल्यावर तयार झालेलें १९५४ चें खासरा पत्रक आणि नंतरचा सातबारा ह्यांवर आजचा व्यवहार चालतो.

खरा पालट पुढें झाला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री ह्यांनीं पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला बसविली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा वडीगोद्रीजवळून अंबड तालुक्यांतून पुढें जातो. ज्या काळीस नदी नुसती दिसत होती तिच्या माथ्यावरून आतां नदीचें पाणी वाहूं लागलें, आणि देवमातृक देश एका पिढींत नदीमातृक झाला. ऊस आला, महाकाळ्याजवळ अंकुशनगरीं साखर कारखाना उभा राहिला. ह्यानें घरें पक्कीं झालीं व मुलें शिकलीं. त्याची निंदा आम्ही करणार नाहीं. पण काळी जमीन चिकण. पाणी तिच्यांत शिरतें लवकर, निघतें उशिरा. निचऱ्याचे चर नसतील तर खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात आणि शेत चिबड होतें. अमरानें ज्यास ऊषर म्हटलें तेंच हें. भेद इतकाच कीं तें ऊषर जन्मजात होतें, हें आपण पाणी पाजून केलें. छत्रपती संभाजीनगर येथें (तेव्हांचें औरंगाबाद) १९८० त जल व भूमि व्यवस्थापनाची संस्था निघाली ती ह्याच प्रकारच्या प्रश्नांसाठीं. कालव्याचें पाणी न पोंचलेल्या शिवारांत मोसंबीच्या बागा विहिरींवर व कूपनलिकांवर वाढल्या, आणि २०१२ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील कितीतरी बागा वाळून गेल्या. नदीचेंही तसेंच. धरणानें गाळ अडविला, उरलेली वाळू गाड्यांनीं जाते, आणि मळई हा शब्द कागदांत राहिला. पूर मात्र राहिला : ऑगस्ट १९०० मध्यें नव्हे, ऑगस्ट २००६ मध्यें, धरण असतांना, सेकंदास सुमारें अडीच लक्ष घनफूट पाणी सोडावें लागलें.

आतां कागदांविषयीं. सप्टेंबर २०२३ मध्यें ह्याच तालुक्यांतील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली, आणि मराठवाड्यांतील निजामकालीन व मोडी कागद ‘कुणबी’ ह्या नोंदीसाठीं उलगडले जाऊं लागले. इतके रुमाल एकदम सुटलेले आमच्या आयुष्यांत आम्हीं पाहिले नव्हते. त्या मागणीसंबंधीं मत देण्याचें हें स्थळ नव्हे. आमची हळहळ वेगळी आहे. एका घरीं आमच्यासमोर ज्या पानावर तो शब्द सांपडला त्याचें छायाचित्र घेण्यांत आलें, आणि शेजारचीं जिराईत किती, मोटस्थळ किती, पड किती हें सांगणारीं पानें तशींच दमट फडक्यांत बांधून माळ्यावर गेलीं. कुळाचें नांव आणि त्यानें कसलेलें शेत एकाच ओळींत लिहिलेलें असतां अर्धी ओळच वाचली गेली. कोणतें शेत पूर्वीं पड होतें, कोणत्या विहिरीस पाणी होतें, चर कोठून वाहत होता, हें आज निचऱ्याची व लागवडीची आंखणी करणारास त्या उरलेल्या अर्ध्या ओळींतच मिळेल.

तरी अंबड व पैठण परगण्यांचे थळझाडे, झडत्या, इस्ताव्याचे कौल किंवा गांवझाडे ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं जमिनीचे रकाने वगळल्याशिवाय त्यांच्या नकला कराव्या. कागद मूळ मालकाकडेच राहूं द्यावा. आम्हांस नक्कल पुरे. मोडी वाचण्याचें काम आम्ही आनंदानें करूं, मात्र पावसाळ्यापूर्वीं कळवावें.