सम वालुकागिरी
सम वालुकागिरी हा भारताच्या राजस्थान राज्यातील जैसलमेर जिल्ह्यात असलेला वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तो जैसलमेर शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किमी अंतरावर थरच्या वाळवंटात आहे. येथील तंबूनिवास व उंटसफारी प्रसिद्ध असून, नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या माळढोक पक्ष्याचे प्रजनन केंद्रही सम येथेच आहे.

हवामान
जैसलमेर येथे वार्षिक पाऊस सरासरी सुमारे २०० मिमी इतका अल्प असतो. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४५° सेल्सियसच्या वर जाते, तर हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. त्यामुळे पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असतो.

तंबूनिवास
पर्यटक साधारणपणे दुपारनंतर तंबूंच्या छावणीत पोहोचतात. सूर्यास्ताच्या सुमारास उंटावरून किंवा जीपमधून वालुकागिरींवर फेरफटका होतो. रात्री मांगणियार व लंगा समाजांच्या कलावंतांचे गायन आणि कालबेलिया नृत्य सादर केले जाते. कालबेलिया लोकगीते व नृत्य यांचा समावेश २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. जेवणात दालबाटी, चुरमा, केर-सांगरीची भाजी व बाजरीची भाकरी हे पदार्थ असतात. दरवर्षी माघ महिन्यात भरणाऱ्या मरू महोत्सवाचे काही कार्यक्रम सम येथे होतात.

माळढोक संवर्धन
वाळवंट राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये अधिसूचित झाले. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ ३,१६२ चौ. किमी आहे. माळढोक (स्थानिक नाव: गोडावण) हा राजस्थानचा राज्यपक्षी असून जगातील त्याची बहुतांश संख्या याच परिसरात उरली आहे. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते; त्यामुळे माणसांची व वाहनांची वर्दळ आणि भटकी कुत्री यांचा विणीला धोका असतो. जड शरीर व समोरील मर्यादित दृष्टी यांमुळे उडताना हे पक्षी वीजवाहिन्यांवर आदळतात. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली.

सम येथील प्रजनन केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. माळरानावरून आणलेली अंडी तेथे कृत्रिमरीत्या उबवली जातात. २०२४ मध्ये या प्रकल्पात कृत्रिम रेतनातून प्रथमच पिल्लू जन्मले.

महाराष्ट्राशी संबंध
माळढोकसाठी महाराष्ट्रातही १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. नान्नज हा त्याचा परिचित भाग आहे. मूळ ८,४९६ चौ. किमी क्षेत्रात शेती, गावे व शहरेही येत असल्याने २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौ. किमी करण्यात आले. दरम्यान शेती, बांधकामे व बदललेला जमीनवापर यांमुळे माळराने आक्रसली आणि हा पक्षी तेथे अतिशय दुर्मीळ झाला. त्यामुळे त्याचे भवितव्य आता मुख्यतः समच्या आसपासच्या वाळवंटावर अवलंबून आहे.

हेही पहा
थरचे वाळवंट
जैसलमेर
माळढोक
नान्नज