बंदुकीचा दस्ता आणि कुऱ्हाडीचा दांडा

मागं उन्हाळ्यात बाभळ तोडताना माझी कुऱ्हाड दांड्यातून निसटली आणि पोराच्या कानाजवळून गेली. थोडक्यात वाचलं. तेव्हापासून लाकूड-लोखंडाच्या जोडाबद्दल मिळंल ते वाचतोय. त्यात रायफलीचा इतिहास सापडला. दुखणं आपलंच.

रायफलीचं लोखंड अक्रोडाच्या दस्त्यात खाच कोरून बसवत. जुने कारागीर लोखंडाला काजळी लावून खाचेत दाबायचे. जिथं काळा डाग उठंल तिथंच तासायचं, पुन्हा दाबायचं. बैठक नेमकी व्हायची. पण दमट हवेत लाकूड फुगलं की लोखंडावर दाब यायचा आणि नेम सरकायचा.

1946 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं अ‍ॅरल्डाइट बाजारात आणलं. ही एपॉक्सी. दोन भाग मिसळले की घट्ट होते आणि फारशी आकसत नाही. पुढं अमेरिकेतले हौशी नेमबाज घरीच ती वापरू लागले. खाच जरा मोठी करायची, लोखंडाला मेण लावायचं म्हणजे ते चिकटत नाही, मग काचतंतू घातलेली एपॉक्सी भरून त्यात लोखंड बसवायचं. घट्ट झाली की लोखंडाचा हुबेहूब साचा तयार! याला ‘ग्लास बेडिंग’ म्हणतात.

पण बैठक पक्की झाली तरी बाकीचं लाकूड पाणी पितंच. 1966 साली अमेरिकेच्या मरीन दलानं एम-40 रायफल घेतली, लाकडी दस्त्याची. व्हिएतनामच्या दमट हवेत दस्ते फुगले, वाकले. 1970 च्या दशकात एम-40ए1 ला फायबरग्लासचा दस्ता आला. शेवटी लाकूडच बदलावं लागलं.

पीक संरक्षणाची बंदूक असलेल्यांनी मात्र हे घरी करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्यानं बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडंच जा.

आता आपली कुऱ्हाड. ढिली झाली की आपण रात्रभर पाण्यात बुडवतो. मीही तेच केलं होतं. फुगलेलं लाकूड लोखंडात आवळून चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. आता मी दांड्याचं लाकूड वर्षभर सावलीत वाळवतो, मग पाचर ठोकतो. कामाला निघताना एकदा हिसका देऊन बघतो.

तुमच्याकडं दांडा कशाचा घालता? सांगा.